राक्षसांच्या छोट्या नाटुकल्या बसवतोय, राक्षस दाखवायचा कसा? मदत हवीय

काळाचौकीची_ताई

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय पण वाचा प्लीज, खरंच मदत हवीय आणि हातात वेळ कमी आहे.

आम्ही मुंबईत काळाचौकीला चार-पाच जण मिळून मुलांचा नाटकाचा ग्रुप चालवतो, हे तिसरं वर्ष. मुलं 21 आहेत, सहावीपासून अकरावीपर्यंतची, बरीचशी आजूबाजूच्या चाळींतली आणि काही रिडेव्हलपमेंटनंतर टॉवरमध्ये राहायला गेलेली. तालीम शनिवार-रविवार संध्याकाळी एका व्यायामशाळेच्या माळ्यावर, खाली वजनं आपटत असतात आणि वर आमचं वाचन चालू. यावर्षी विषय मुलांनीच ठरवला, राक्षस आणि साहस. एकच मोठं नाटक नको, पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार नाटुकल्या करू म्हणाले, म्हणजे सगळ्यांना काहीतरी बोलायला मिळेल. प्रयोग दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या हॉलमध्ये, दोनशेएक माणसं, स्टेज साधारण 20 बाय 15 फूट आणि विंग धड एकाच बाजूला.

चारही गोष्टी मुलांनी स्वतः रचल्यात. एक शिवडीच्या किल्ल्यावर फ्लेमिंगो बघायला गेलेली मुलं भरती आल्यावर अडकतात ती. दुसरी गावच्या विहिरीतल्या गिऱ्ह्याची, म्हणजे पाण्यातल्या भुताची. तिसरी रात्रीच्या शेवटच्या लोकलची, डब्यात तीनच मुली आणि वरच्या रॅकवर एक बोचकं जे हलतं. आणि चौथी सातवीतल्या एका मुलाची, ती सांगायलाच हवी. बंद गिरणीच्या चिमणीत एक राक्षस झोपलाय, अंगभर कापूस, हाडांच्या जागी मागावरचे लाकडी धोटे. 1982 च्या संपापासून भोंगा वाजलाच नाही म्हणून तो उठलाच नाही, पुढच्या पाळीची वाट बघत पडलाय. मुलांचा क्रिकेटचा बॉल भिंतीपलीकडे जातो आणि ती आत शिरतात. मुलाचे आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, त्यांच्याकडून ऐकून ऐकून त्याने हे रचलंय. त्याने वाचून दाखवलं तेव्हा माळ्यावर एकदम शांत झालं होतं सगळं.

आता अडचण. मागच्या वर्षी आमच्या नाटकात राक्षस होता, फोमचं एवढं मोठं डोकं केलं, आठ दिवस खपून. ऐन प्रयोगात ते तिरकं झालं, आतल्या मुलाला काही दिसेना, तो लेव्हलला, म्हणजे स्टेजवरच्या उंच चौथऱ्याला, अडखळून पडला. मागचे मोठे हसले आणि पुढे सतरंजीवर बसलेली छोटी मुलं किंचाळून रडली, दोघींना आया उचलून बाहेरच घेऊन गेल्या. राक्षस झालेला मुलगा नंतर मेकअपच्या खोलीत तोंड फिरवून बसला होता, एक शब्द बोलला नाही. यावर्षी तो स्टेजवर नको म्हणतोय, पडदा ओढतो म्हणतो. मला ते फार लागलंय.

दुसरं म्हणजे काही पालक म्हणतात मुलांचं लिहिलेलं कशाला, एखादं गाजलेलं बालनाट्य घ्या, लोक ओळखीचं बघायला येतात. आमच्यातल्याही एकाला तेच वाटतं.

तर माझे प्रश्न म्हणजे, कमी पैशात राक्षस कसा दाखवायचा की मोठ्यांना हसू येणार नाही आणि छोटी घाबरून पळणार नाहीत? आणि मुलांच्याच गोष्टी ठेवाव्यात का? बजेट सगळं मिळून 15 हजार, त्यात लाइट-साऊंडचं भाडं पण आलं.

---

स्पॉटवाला

ताई, मी बारा वर्षं लाइट्स करतोय, एकांकिका स्पर्धा, बालनाट्य, गणपतीतले कार्यक्रम सगळं. सरळ सांगतो, फोमचं डोकं विसरा. पैसा जातो, वजन मानेवर येतं आणि आतल्या मुलाला श्वास नीट घेता येत नाही, दिसत तर त्याहून नाही. मुखवटा घालायचाच असेल तर अर्धा करा, नाकापर्यंतचा, कागदाचा लगदा आणि खळ लावून, तोंड मोकळं. आवाज मोकळा येतो आणि हनुवटी दिसत असल्यामुळे चेहऱ्यावर काय चाललंय तेही कळतं.

पण माझं ऐकाल तर चारपैकी निदान दोन नाटुकल्यांत राक्षस सावलीचा करा. मांजरपाट घ्या, मंगळदास मार्केटला किंवा तुमच्या लालबागलाही मिळेल, रुंद पन्ह्याचं, शिवण मध्ये येऊ देऊ नका कारण सावलीत ती रेघ दिसते. धुऊन इस्त्री करून ताणून लावा. मागे एकच दिवा. ट्यूब नको, दुधी बल्ब नको, त्याने सावली पसरते. जितका बारीक दिवा तितकी धारदार सावली, मोबाइलचा टॉर्च तालमीला मस्त चालतो, घरी आज रात्रीच करून बघा. दिव्यापासून हात 1 फुटावर आणि पडदा 8 फुटांवर असेल तर हात आठपट दिसतो, म्हणजे सात इंचाचा पंजा साडेचार फुटांच्या वर जातो. हात दिव्याकडे नेला की राक्षस वाढतो, पडद्याकडे आणला की लहान होतो. याच्यावर अख्खं नाटक उभं राहतं. मुलं घाबरलेली असताना तो छताला टेकलाय, आणि त्यांनी धीर करून विचारलं "तू कोण?" की मागचा मुलगा हळूहळू पडद्याकडे सरकतो आणि राक्षस माणसाएवढा होतो. कापूस, लगदा, फोम, काही लागत नाही. दिवा जमिनीवर ठेवा, म्हणजे प्रेक्षकांना कापडातून त्याचा ठिपका दिसणार नाही आणि सावली खालून वर चढेल, ती जास्त अंगावर येते. दोन दिवे लावलेत तर दोन सावल्या पडतात, ते चुकून झालं तर गोंधळ, मुद्दाम केलं तर दोन डोक्यांचा राक्षस.

गिरणीवाली गोष्ट वाचून मी चहा ठेवून दिला बाजूला. त्याला तर सावलीच हवी, चिमणीची उभी सावली आणि तिच्यातून हात बाहेर येतात.

आता काही गोष्टी ज्या करू नका. स्ट्रोब लावू नका. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणाऱ्या उजेडाने काहींना फिट येऊ शकते आणि दोनशे लोकांत कोणाला त्रास आहे ते आपल्याला माहीत नसतं. धुरासाठी ड्राय आइस तर अजिबात नको, तो कार्बन डायऑक्साइड असतो, जड असतो, खाली साचतो, आणि खाली सतरंजीवर तुमची सगळ्यात छोटी मुलं बसलेली असणार. एका बंद हॉलमध्ये पुढच्या रांगेतली मुलं गुदमरल्यासारखी झालेली मी स्वतः बघितलीत, तेव्हापासून बालनाट्याला मी तो लावत नाही, कोणी कितीही मागितला तरी. ब्लॅकआऊट ठेवा पण छोटे ठेवा, चार-पाच सेकंद, आणि लेव्हलच्या कडेला रेडियमची पट्टी चिकटवा. पडलेला मुलगा त्याच लेव्हलवरून पडला ना? ती पट्टी असती तर कदाचित वाचला असता.

भाड्याने चार पार (पसरट उजेडाचे दिवे) आणि दोन स्पॉट घ्या, उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरसकट, सुट्टीत मागणी असते म्हणून आत्ताच बुक करा. तालमीला एखाद्या शनिवारी मी येऊ शकतो, परळलाच राहतो.

आणि पडदा ओढतो म्हणणाऱ्या मुलाला हा दिवा हातात द्या. दिवा धरणारा आणि सावली हलवणारा हाच राक्षस असतो, पण कोणी त्याच्याकडे बघत नसतं.

---

दोन_अंकी

मी थोडं उलट बोलणार आहे, राग मानू नका. मुलांनी लिहिलेलं छान असतं पण पंधरा मिनिटांच्या चार संहिता म्हणजे चार सुरुवाती, चार शेवट आणि चार वेळा प्रेक्षकांना नव्याने आत घ्यायचं. नव्या लेखकाला पहिल्या पाच मिनिटांत इतकं सांगायचं असतं की पात्रं नुसती उभी राहून माहिती देतात. तयार बालनाट्यात ते घासून घासून नीट झालेलं असतं. दोन मुलांची ठेवा आणि एक तयार घ्या, तीनच करा, असं माझं मत. चौथ्या नाटुकलीतली मुलं बाकीच्या तिन्हींत घाला.

तयार घ्याल तर लेखकाची परवानगी लागेल, लेखक हयात नसेल तर वारसांची. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात, त्यामुळे "जुनं आहे, कोण विचारतंय" असं धरून चालू नका. मानधन बऱ्याचदा फार नसतं, पत्र पाठवून विचारायचं. आणि जाहीर प्रयोग करणार असाल तर संहिता, मग ती मुलांची असो की कोणाची, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याला वेळ जातो. संहिता टाइप करून स्वच्छ द्या, हाताने खाडाखोड केलेली नको. हे दिवाळीच्या आधल्या आठवड्यात आठवलं तर पंचाईत होते.

---

शिवाजी_मंदिरची_पायरी

ताई, मी साठी ओलांडलेली आजी आहे, दादरला वाढले, लहानपणी आईचा हात धरून बालनाट्यं बघितली. तुमच्या ग्रुपमधल्या त्या काकांना, ज्यांना गाजलेलंच हवंय, त्यांना माझ्याकडून एवढं सांगा की आज जे गाजलेलं आहे तेही कधीतरी नवं होतं आणि कोणीतरी धाडस करून केलं होतं. सुधाताई करमरकरांनी 1959 साली रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' केलं तेव्हा मुलांसाठी नीट नेपथ्य, वेशभूषा, संगीत असं सगळं करून नाटक करायचं हीच नवी गोष्ट होती. पुढे मतकरींनी 1962 मध्ये स्वतःची बालनाट्य संस्था काढली. 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली, आणि 2018 मध्ये ते नाटक परत आलं तेव्हा वैभव मांगलेंनी केली, मी नातवाला घेऊन गेले होते. नातू खुर्चीवर उभा राहून ओरडत होता, मला शेजारच्या बाईंची माफी मागावी लागली, पण त्याही ओरडतच होत्या.

तेव्हा जे लक्षात आलं ते सांगते. मुलं चेटकिणीच्या नाकाला घाबरत नव्हती. तिला काय हवंय ते त्यांना आधीच कळलेलं होतं, आणि स्टेजवरच्या बिचाऱ्यांना कळलेलं नव्हतं, म्हणून मुलं ओरडून सांगत होती. भीती आणि मजा एकाच वेळी तिथून येते. प्रेक्षकातल्या मुलाला काहीतरी माहीत हवं जे पात्राला माहीत नाही. लोकलवाल्या गोष्टीत ते बोचकं आम्हाला आधी हलताना दाखवा आणि मग त्या तिघी मुली त्याच्या खाली येऊन बसू देत, गप्पा मारू देत, डबा उघडू देत. बघा हॉलचं काय होतं.

आणि प्रत्येक राक्षसाला काहीतरी हवं असलं पाहिजे. आपला बकासुर आठवा. त्याला रोज गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस हवा, इतकं नेमकं. आणि भीम काय करतो? तो लगेच लढत नाही. गाड्यावर बसून राक्षसाचं जेवण जेवायला लागतो, मागून बकासुर पाठीत बुक्के मारतोय आणि हा जेवतोच आहे. एवढं शौर्य तलवारबाजीत दिसत नाही. तुमच्या मुलांना हा एकच प्रसंग पाच मिनिटं करायला द्या, शब्द न देता. लाडू खरे आणा. ज्याला जेवताना पाठीवर थापा पडतायत आणि तरी जो चावत राहतो तो तुमचा हिरो.

गिरणीच्या राक्षसाला भोंगा हवाय, त्यामुळे तो उभा आहे आधीच. किल्ल्यावरच्या गोष्टीतल्या राक्षसाला काय हवंय ते तुम्ही लिहिलं नाहीत. तिथेच ती कच्ची असणार असं मला वाटतं, मुलांना विचारा.

---

नेरूरपारचो

ताई नमस्कार, मी मूळचा कुडाळकडचा, आता डोंबिवली. तुम्ही गिऱ्हा लिहिलात आणि मला राहवलं नाही.

गिऱ्हा पाण्याकाठचा. आमची आजी सांगायची तो भीती घालायला येत नाही, ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतो आणि पाण्यात नेतो, पाणी घोट्याएवढंच आहे असं वाटत राहतं. म्हणजे त्याला मुखवटा लागतच नाही! ज्या मुलाचा मित्र स्टेजवर शेजारी उभा आहे त्याच मित्राचा आवाज विहिरीतून आला पाहिजे. विंगेत एक रिकामा पाण्याचा पिंप ठेवा आणि मित्राचं काम करणाऱ्या मुलाकडून आधीच तो आवाज पिंपात तोंड घालून रेकॉर्ड करून घ्या. शेजारी उभा असलेला गप्प आहे आणि त्याचाच आवाज खालून येतोय, संपलं. माझ्या अंगावर लिहितानाच काटा आला.

दुसरं, आमच्याकडे वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. वेतोबाला केळी आणि चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात. गावाची राखण करत तो रात्री फिरतो म्हणून त्या चपला झिजतात अशी लोकांची श्रद्धा. लहानपणी मी मूर्तीपेक्षा त्या चपला बघत बसायचो, एवढ्या चपला ज्याच्या पायात बसतात तो केवढा असेल. वेतोबा आमचा देव आहे, राखणदार आहे, त्याला राक्षस करू नका हां, हे हात जोडून सांगतो. पण युक्ती घ्या. राक्षस दाखवू नका, त्याची एक वस्तू दाखवा, वापरलेली, झिजलेली. किल्ल्यावरच्या गोष्टीत मुलांना दोन फुटांची एक चप्पल सापडली, टाचेला झिजलेली, अंगठा तुटलेला आणि तो ताज्या दोऱ्याने शिवलेला. ताजा दोरा महत्त्वाचा. म्हणजे तो इथेच आहे आणि काल रात्रीच बसून शिवलाय. पुठ्ठा आणि जुनं रेक्झिन, दीडशे रुपयांत होईल.

आमच्याकडच्या दशावतारी नाटकात संवाद लिहिलेले नसतात, कथा ठरलेली आणि बोलणं जागच्या जागी. राक्षस येतो तो आधी आवाजाने येतो, पखवाज आणि झांज वाढत जाते, आतून आरोळी, आणि मग एन्ट्री, पण ती एन्ट्री प्रेक्षकांनी दोन मिनिटं आधीपासून मनात बघितलेली असते. तुमच्या मुलांना पण थोडं मोकळं बोलू द्या, पाठ केलेलं वाक्य विसरलं की मुलं थिजतात, गोष्ट माहीत असेल तर निभावून नेतात.

रत्नागिरीकडच्या शिमग्यातला संकासुरही आठवतोय, काळा पोशाख, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. पोरं त्याला चिडवतात, तो मागे लागतो, पोरं किंचाळत पळतात आणि परत चिडवायला येतात. पाच वर्षांची पोरंसुद्धा. कारण पळायला अख्खं अंगण असतं आणि घुंगरांमुळे तो कुठे आहे ते कळत असतं. तुमच्या हॉलमध्ये छोट्यांना पळायला जागा नाही, म्हणून ती रडली असणार.

आणि सावल्यांचं स्पॉटवाले दादांनी लिहिलंय ते शंभर टक्के. आमच्या पिंगुळीला ठाकर समाजाच्या चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्या आहेत, त्यातला रावण बघा कधी. गावी जाणं झालं तर मुलांना न्या.

---

भांडुपच्या_बाई

मी बालवाडी-पहिलीला शिकवते, फक्त छोट्यांपुरतं बोलते. चार-पाच वर्षांच्या मुलाला मुखवट्याच्या आत आपला दादा आहे हे सांगून पुरत नाही, त्याच्यापुरता दादा गेला आणि राक्षस आला. त्याला ते होताना बघावं लागतं. नाटक सुरू व्हायच्या आधी राक्षस होणारी मुलं साध्या कपड्यांत पुढे येऊ देत, नाव सांगू देत, मुखवटा छोट्यांच्या हातात फिरू दे, आतून कसा खडबडीत आहे ते लागू दे, मग सगळ्यांसमोर घालू देत आणि परत काढू देत. सावली असेल तर पडद्यामागे दोन छोट्यांना नेऊन त्यांच्याच हाताची मोठी सावली करून दाखवा. मोठ्यांची मजा याने कमी होत नाही, माझा अनुभव आहे.

पाच वर्षांच्या आतल्यांना सतरंजीवर पुढे बसवू नका, आईच्या मांडीवर, कडेच्या खुर्चीत, दाराजवळ. आणि भोंगा एकदम फुल आवाजात नको, हळू सुरू होऊन वाढू दे. अचानक मोठा आवाज झाला की मुलं राक्षसापेक्षा त्यानेच जास्त दचकतात.

---

काळाचौकीची_ताई

बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. मी प्रिंट काढून माळ्यावर भिंतीला लावलंय.

दोन_अंकी, तुमचं परिनिरीक्षण मंडळाचं वाचून आम्ही लगेच कामाला लागलो, गेल्या वर्षी आम्हाला शेवटी फार धावपळ झाली होती. पण तिसरं तयार नाटक घेत नाहीये. मुलांना विचारलं, एकदा नाही, दोनदा विचारलं, आणि लोकलवाल्या तिघी म्हणाल्या की ताई आम्ही रोज त्या डब्याने क्लासवरून येतो, दुसऱ्याचं कशाला करू. तुमचं सुरुवातीबद्दलचं मात्र अगदी बरोबर होतं. किल्ल्याच्या संहितेत पहिली तीन पानं मुलं एकमेकांना शिवडीच्या किल्ल्याची माहिती देत होती. ती काढली. आता पडदा उघडतो तेव्हा भरती आलेलीच आहे आणि एकीचा बूट चिखलात अडकलाय.

आजी, विचारलं मी. "राक्षसाला काय हवंय?" पाचही जण गप्प. मग आठवीतली एक म्हणाली त्याला दुसरी चप्पल हवी असेल. नेरूरपारचे दादा, तुमची चप्पल तिने आदल्या दिवशी वाचली होती. म्हणजे एक चप्पल मुलांना सापडलीय आणि दुसरी त्याच्या पायात आहे, आणि तो एकाच पायात चप्पल घालून येतोय, एक पाऊल फटकन वाजतं आणि एक वाजत नाही. आता तो अख्ख्या नाटुकलीत दिसत नाही, फक्त तो आवाज विंगेतून, फट् आणि मग काही नाही, फट् आणि मग काही नाही. काल पहिल्यांदा केलं तेव्हा खाली व्यायामशाळेत योगायोगाने कोणीतरी वजन टाकलं आणि सगळी मुलं खरोखर दचकली. ते ठेवायचंय आम्हाला, कसं ठेवायचं ते बघतोय.

बकासुराचा प्रसंग केला. खरे लाडू आणले. अकरावीतला एक मुलगा सहा लाडू खाऊन थांबला नाही, मागून चौघं बडवत होते.

---

स्पॉटवाला

शनिवारी येतो. गिरणीच्या भोंग्याचं काय करताय? नेटवरून डाउनलोड केलेला सायरन लावू नका, तो फायर ब्रिगेडचा वाटतो. पीव्हीसी पाइप घ्या, वेगवेगळ्या लांबीचे, पाच-सहा मुलं विंगेत उभी करा आणि तुतारीसारखे ओठ लावून फुंकू देत. लांब पाइपाचा आवाज खालचा लागतो, आखूड पाइपाचा वरचा, एकानंतर एक सुरू केले की भोंगा चढल्यासारखा चढतो. आणि मशिनच्या आवाजाला पत्रा टांगून ठेवा, हलवला तर गडगडाट, बोटांनी वाजवला तर साचे.

---

काळाचौकीची_ताई

उशिरा लिहितेय, पण शनिवारचं सांगायलाच हवं.

स्पॉटवाले दादा आले, मांजरपाट बांधलं, माळ्यावरचे दिवे घालवले. गेल्या वर्षी पडलेला मुलगा कोपऱ्यात बसला होता. दादांनी त्याला काही समजावलं वगैरे नाही, नुसता टॉर्च हातात दिला आणि म्हणाले खाली ठेव, सरकव जरा. त्याने सरकवला आणि पडद्यावर चिमणी वर गेली, छतापर्यंत, वाकून कौलांवर गेली. तो परत खाली आणला. परत वर नेला. अर्धा तास तेच करत होता, कोणी त्याला मध्ये बोललं नाही. आता कापसाच्या राक्षसाची सावली तो करतोय, दोन्ही हातांना कापसाच्या वाती गुंडाळून, म्हणजे कडा मऊ दिसतात. ही कल्पना त्याचीच.

पाइप आणले, सहा लांबीचे. मुलांनी फुंकले, आवाज मोठा आला पण मला तो जहाजाचा वाटत होता. मग ज्याने गोष्ट लिहिलीय त्याचे आजोबा, जे त्याला न्यायला येऊन जिन्यात उभे होते, ते वर आले. म्हणाले असा नव्हता. आमचा भोंगा एका दमात नव्हता, आधी घसा साफ केल्यासारखा करायचा, मग लागायचा, आणि बंद होतानाही एकदम बंद नाही, खाली खाली जात विरायचा, आणि तो विरेपर्यंत तुम्ही गेटच्या आत असायला हवं. त्यांनी सगळ्यात लांब पाइप घेतला. दम पुरला नाही पहिल्यांदा. दुसऱ्यांदा मुलांना हाताने खुणा करत सगळ्यांना एकेक करून आत घेतलं, बँडवाल्यासारखं, आणि विरवताना एकेकाला थांबवलं. शेवटी फक्त त्यांचा पाइप राहिला.

पडद्यामागे तो मुलगा टॉर्चजवळ तसाच बसला होता आणि कोणी न सांगता त्याने कापसाचे हात हळूहळू वर घेतले, झोपेतून उठल्यासारखे.

प्रयोगाच्या दिवशी आजोबा विंगेत उभे राहणार आहेत. परिनिरीक्षणाच्या अर्जाचं काम चालू आहे. तारीख पक्की झाली की इथे टाकते, सगळ्यांनी या. पुढच्या सतरंजीवर जागा नाही मिळणार, ती छोट्यांची आहे, आणि पाचच्या आतली असतील तर बाईंनी सांगितल्याप्रमाणे दाराजवळ खुर्च्या ठेवतोय.